पुण्यात जुळणी झालेली डब्ल्यू १२४ मर्सिडीज: परवडणारे सुटे भाग कुठून आणि कसे मिळवावेत?

राजस_चिंचवड

नमस्कार मंडळी. बाबांची १९९६ सालची ई २२० आमच्याकडे २००४पासून आहे. पेट्रोल, एम १११ इंजिन, २ लाख १४ हजार किलोमीटर. मर्सिडीजने १९९४ साली टेल्कोबरोबर (आताची टाटा मोटर्स) भारतात कंपनी काढली आणि १९९५पासून टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात डब्ल्यू १२४ची, म्हणजे आमच्या गाडीच्या पिढीची, जुळणी होऊ लागली. बाबांचा वर्कशॉप तिथून हाकेच्या अंतरावर होता. ही गाडी घेताना ते म्हणाले होते, "आपल्या गावात बनली आहे, आपल्याच गावात दुरुस्त होईल." बाबा आता नाहीत. गाडी आहे.

गेल्या पावसाळ्यापासून स्पीडब्रेकरवर डावीकडून पुढे "टक-टक" येते. गाडी उभी असताना आरपीएम वरखाली होतो, गरम झाल्यावर सिग्नलला दोनदा बंद पडली. एका गॅरेजने पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे), शॉकअप आणि इंजिनाची संपूर्ण वायरिंग बदलायला सांगून १ लाख ८५ हजारांचे कोटेशन दिले. वर सल्ला दिला की एवढ्यात गाडीच विकून टाका.

विकायची नाही. पण एवढे पैसे एकरकमी माझ्याकडे नाहीत. ही गाडी किंवा तिच्या पिढीतली गाडी सांभाळणारे कुणी असेल तर सांगा: हे भाग खरोखर एवढे महाग असतात का, आणि कोणत्या भागात तडजोड चालते, कोणत्यात नाही?

वैदेही_नानापेठ

राजसदादा, आमचे नाना पेठेत सुट्या भागांचे दुकान आहे, काउंटरवर मी बसते. गिऱ्हाइकाला पहिल्यांदा जे सांगते तेच तुम्हाला सांगते. कोटेशनमधल्या रकमेकडे नंतर बघा. आधी प्रत्येक ओळीसमोर पार्ट नंबर आणि बनवणाऱ्या कंपनीचे नाव लिहून मागा. "लोअर आर्म, २ नग" एवढ्यावर किंमत महाग की स्वस्त हे कुणीच सांगू शकत नाही.

मर्सिडीजचा नंबर म्हणजे "ए" आणि पुढे दहा आकडे. पहिले तीन आकडे तो भाग ज्या गाडीसाठी किंवा इंजिनासाठी पहिल्यांदा बनला त्याचे असतात. १२४ असेल तर तुमची गाडी, १११ असेल तर तुमचे इंजिन. काही नंबर २०१ने सुरू झालेले दिसतील तेव्हा घाबरू नका. २०१ म्हणजे त्या काळातली छोटी मर्सिडीज, १९०. तिच्यासाठी बनलेले बरेच भाग पुढे १२४मध्ये घेतले. मधल्या तीन आकड्यांतले पहिले दोन गटाचे असतात: २० कुलिंग, ३३ पुढचा ॲक्सल, ४२ ब्रेक, ४६ स्टिअरिंग. एवढे वाचता आले की फोनवर कुणी चुकीचा भाग गळ्यात मारू शकत नाही.

दुसरी गोष्ट. मर्सिडीज स्वतः बॉल जॉइंट बनवत नाही. तो बनवते लेमफर्डर. शॉकअप साक्स किंवा बिल्स्टाइन, ब्रेकची कॅलिपर आटे (एटीई) कंपनीची, रेडिएटर बेर, पिस्टन आणि फिल्टर माहले. त्याच कंपनीचा माल मर्सिडीजच्या खोक्यात एका भावाने येतो आणि स्वतःच्या खोक्यात बऱ्याच कमी भावाने. लेमफर्डरच्या आर्मवर किंवा जॉइंटवर पुष्कळदा एका जागी घासलेली खूण दिसते. तिथे मर्सिडीजचा तारा होता, तो ग्राइंडरने काढलेला असतो. साचा तोच. ती खूण दिसली की मला बरे वाटते.

खोक्यावर मात्र विश्वास ठेवू नका. खोकी छापणे सगळ्यांत सोपे. भागावर कोरलेला नंबर, ओतकामाची सफाई, रबराची कड बघा.

उद्यमनगरी

वैदेहीताईंनी मुद्द्याचं सांगितलं. राजस भावा, कोल्हापुरातनं लिहितोय. माझ्याकडं ८९ची २३० ई आहे, दुबईहून एकजण घरसामानाबरोबर घेऊन आलेला, त्याच्याकडनं घेतली. आमच्या उद्यमनगरात लेथवर काय वाट्टेल ते बनवून मिळतं, तुला ठाऊक असेल. म्हणून मी आधी सगळंच बनवून घ्यायला लागलो. त्यातनं जे शिकलो ते सांगतो.

बनवून घ्यावं असं: वॉटर पंपाचं बेअरिंग-सील बदलून घेणं, हेडला फेस मारून घेणं, सायलेन्सर, गिअर लिव्हरच्या सांध्यातले बुश, दरवाज्याच्या बिजागरीच्या पिना, रेडिएटरचा कोअर. झ्याक होतं.

बनवून घेऊ नये असं: लोअर आर्मचं रबरी बुश. मी दोनदा वल्कनाइज करून, म्हणजे तापवून नवं रबर चिकटवून घेतलं. पहिल्यांदा रबर इतकं कडक की स्टिअरिंगला प्रत्येक खड्डा कळायचा. दुसऱ्यांदा सहा महिन्यांत रबर लोखंडापासनं सुटलं. ओरिजिनल बुशात कुठल्या दिशेला मऊ आणि कुठल्या दिशेला कडक ते ठरवलेलं असतंय, ते कुणी सांगितल्याशिवाय आपल्या माणसाला कसं कळणार? आणि बॉल जॉइंट, टाय रॉड, ब्रेकचा होज, कॅलिपरचा पिस्टन, ह्यातलं काही लेथवर नेऊ नको. गाडीत आपली माणसं बसत्यात.

राजस_चिंचवड

दोघांचेही आभार. गॅरेजला नंबर मागितले. शॉकअपचा ब्रँड लिहिलेला नाही, आर्मचा "ओरिजिनल" एवढेच. आर्म पूर्ण बदलायचा की नुसते बुश आणि बॉल जॉइंट? आणि शॉकअप गळत नाहीत, तरी का?

नेकारकाठी

राजस, मी स्टुटगार्टमध्ये राहतो, मूळ साताऱ्याचा. इथे १२४ अजून रोज रस्त्यावर दिसते. तीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्थितीत राखलेल्या गाडीला "एच" अक्षराची नंबर प्लेट मिळते, त्यामुळे लोक तिची काळजी घेतात आणि भागांना मागणी टिकून राहते. आपल्याला परवडणारे भाग मिळतात त्यामागे ही मागणी आहे. कंपनीचे जुन्या गाड्यांसाठीचे क्लासिक सेंटर शेजारच्या फेलबाखला १९९३पासून आहे. बाजारात बंद झालेला भाग कधीकधी तिथे निघतो, पण भावही तसाच चढा असतो. तिथे शेवटी जावे.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. १२४च्या लोअर आर्ममध्ये दोन बुश आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट. तिन्ही सुटे मिळतात आणि दाबून बसवता येतात. आर्म वाकला नसेल, गंजला नसेल तर सुटे भाग घाल, खर्च पुष्कळ खाली येईल. आर्म काढायची मजुरी मात्र दोन्हीकडे सारखीच, म्हणून तिन्ही एकाच वेळी कर.

आता काळजीची गोष्ट. या गाडीत पुढची स्प्रिंग शॉकअपभोवती नसते. ती वेगळी, लोअर आर्मवर बसलेली असते. आर्म सोडायचा तर स्प्रिंग आधी आवळून धरावी लागते, आणि त्यासाठी स्प्रिंगच्या आत जाणारे, दोन चकत्यांचे खास हत्यार लागते. बाहेरून दोन हुक लावायचे नेहमीचे हत्यार इथे नीट पकडत नाही. जॅक लावून "हळूहळू सोडू" म्हणणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नकोस. ती स्प्रिंग सुटली तर माणूस मरू शकतो. गॅरेज निवडताना पहिला प्रश्न हाच विचार: ते हत्यार आहे का, दाखवा.

आणि बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी चारही चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीला आणूनच आवळायचे. नाहीतर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि वर्षभरात फाटते. मग लोक म्हणतात लेमफर्डरचा माल खराब. नंतर अलाइनमेंट करावीच लागेल, कारण आर्मच्या विक्षेपी (फिरवले की आर्म सरकवणाऱ्या) बोल्टवरच कॅम्बर आणि कॅस्टर, म्हणजे चाकाचा कल ठरतो. काढण्यापूर्वी त्या बोल्टांच्या जागा खुणेने रंगवून ठेव.

शॉकअपचे म्हणशील तर गळत नसतील आणि गाडी खड्ड्यानंतर डुलत नसेल तर थांब. ती ओळ कोटेशनमधून आज वगळ.

वैदेही_नानापेठ

+१. बोल्टचा मुद्दा मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक फिटरला सांगते. बुश परत घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचे कारण हेच असते.

पंपवाला_नाशिक

धागा वाचून राहवले नाही. माझे पेट्रोलमध्ये फारसे काम नाही, डिझेलचे आहे, पण मुद्दा सगळ्यांच्या उपयोगाचा आहे म्हणून लिहितो.

माझ्याकडे डब्ल्यू १२३, म्हणजे १२४च्या आधीची पिढी आहे, २४० डी, १९८१ची. तिचे इंजिन ओएम ६१६. आता आठवून पाहा, ऐंशीच्या दशकात आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मर्सिडीजकडून कोणत्या इंजिनाचा परवाना घेतला? ओएम ६१६चाच. टेम्पो ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्समध्ये तेच इंजिन धावले. पुढे कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, इंजिन वाढत-बदलत राहिले, पण मूळ रक्त तेच. म्हणजे जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांचे इंजिन आणि शिर्डीला यात्रेकरू नेणारी आपली ट्रॅव्हलर भावंडे आहेत. माझ्या गाडीला हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह, गाइड, बेअरिंग शेल, ऑइल फिल्टर हे सगळे मी टेम्पोच्या दुकानातून घेतले आहे. युरोप-अमेरिकेतले २४० डीवाले लोकही हे भाग भारतातून मागवतात.

पण एक सावधगिरी. २४० डीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ९०.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९२.४, म्हणून २३९९ सीसी. फोर्सचे पुढचे २५९६ सीसीचे इंजिन त्याच बोअरचे आहे, पण स्ट्रोक १०० मिलिमीटर. पिस्टनचा व्यास जुळला म्हणून उचलून आणला तर घोटाळा होईल. क्रँक, रॉड, पिस्टन घेताना जुन्या २.४चाच माल मागा आणि जुना-नवा शेजारी ठेवून पिनेपासूनची उंची मोजा. इंजिनाबाहेरच्या जोडण्या, माउंटिंग, मॅनिफोल्ड यांत फरक आहेत, ते सरसकट बसत नाहीत.

नोझल आणि पंपाचे तर सांगायलाच नको. बॉशचा कारखाना आमच्या नाशिकमध्ये आहे. २००८पर्यंत नाव मायको होते आणि आम्ही अजून मायकोच म्हणतो. इनलाइन पंप समजणारी, बेंचवर लावून चारही सिलिंडरचे डिझेल मोजून देणारी मंडळी इथे आहेत. नवा पंप घ्यायची वेळ सहसा येत नाही. सील, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि कॅलिब्रेशन एवढ्यावर भागते.

शेंद्रा_सुपर्ब

पंपवाले काका, तुमच्या मुद्द्याला जोड देतो. "हाच भाग आणखी कोणत्या गाडीत आहे?" हा प्रश्न सोन्यासारखा आहे. माझी पहिल्या पिढीची स्कोडा सुपर्ब, आमच्याच शेंद्र्याच्या कारखान्यातली. पुढच्या प्रत्येक चाकाला चार आर्म. ही गाडी फोक्सवॅगनच्या पासाट बी ५च्या पायावर बनली आणि पासाटची ही रचना ऑडी ए ४, ए ६च्या त्या पिढीशी नाते सांगते. तेच आर्म ऑडीच्या नावाने विचारले की भाव चढतो, पासाटच्या नावाने विचारले की उतरतो. नंबर जुळवून घेतला की फरक फक्त खोक्याचा.

मर्सिडीजवाल्यांसाठी असेच एक उदाहरण: ७२२.६ हा पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. डब्ल्यू २१० (१२४नंतरची ई क्लास), डब्ल्यू २२०मध्ये (एस क्लास) आहेच, शिवाय साँगयाँगच्या रेक्स्टनमध्ये आणि काही जॅग्वार, क्रायस्लर गाड्यांतही. फिल्टर, गॅस्केट, आतली कंडक्टर प्लेट शोधताना नुसते मर्सिडीज मर्सिडीज करू नका.

उद्यमनगरी

७२२.६चा विषय निघाला म्हणून सांगतो, मित्राच्या २१०ला गिअर अडकायला लागले, एका ठिकाणी गिअरबॉक्स उघडायचा म्हणाले. निघालं काय तर वायरिंगचा गोल कनेक्टर जिथं गिअरबॉक्सात शिरतो तिथली ओ-रिंग गेलेली. कनेक्टरचा नंबर ए २०३ ५४० ०२ ५३. तिथनं तेल वायरींच्या आतनं वर चढत कंट्रोल युनिटपर्यंत जातंय. कनेक्टर बदलला, युनिट साफ केलं, तेल-फिल्टर बदललं. गिअरबॉक्स उघडलाच नाही.

राजस_चिंचवड

किती शिकायला मिळतेय! आता वायरिंगचे सांगा. मी आज बॉनेट उघडून बारकाईने पाहिले. इंजेक्टरकडे जाणाऱ्या वायरीला बोट लावले आणि वरचे आवरण बिस्किटासारखे तुटून हातात आले. आत तांबे उघडे.

नेकारकाठी

मग गॅरेजने त्या ओळीत तुला फसवलेले नाही. नव्वदीच्या पहिल्या अर्ध्यात मर्सिडीजने इंजिनाच्या वायरिंगला जे आवरण वापरले ते इंजिनाच्या उष्णतेने काही वर्षांत ठिसूळ होते. एम १११, एम १०४ आणि व्ही-आठ एम ११९, तिन्ही इंजिनांचा हा जगभरचा रोग आहे. उघड्या वायरी एकमेकींना लागल्या की आरपीएम नाचतो, इंजिन बंद पडते, आणि वाईट म्हणजे कंट्रोल युनिट जळू शकते. तू गाडी चालवणे आजपासून थांबव. आर्म नंतर, वायरिंग आधी.

नवे हार्नेस (कनेक्टरसकट वायरींचा पूर्ण जुडगा) मिळते, पण त्याचे पैसे तुला जड जातील. दुसरा मार्ग म्हणजे जुने कनेक्टर ठेवून वायरी नव्या घालणे. त्यासाठी धीर असलेला वायरमन हवा.

वैदेही_नानापेठ

पुण्यात हे काम करणारे वायरमन आहेत, पण मागे लागून करून घ्यावे लागते. वायर साधी पीव्हीसी नको, उष्णता सोसणारी हवी. जाडी आणि रंग जुन्याप्रमाणेच, म्हणजे पुढे कुणालाही नकाशा बघून काम करता येईल. नॉक सेन्सर आणि क्रँक सेन्सरच्या वायरीवर जाळीचे शिल्ड असते, ते वगळले तर गाडी चालू होईल पण मिसिंग (इंजिनाचे अडखळणे) जाणार नाही. कनेक्टरच्या आतल्या पिना नव्या घ्या, जुन्याला डाख देऊन काम चालवू नका. आणि हार्नेस काढण्यापूर्वी प्रत्येक कनेक्टरचा फोटो आणि त्याला चिठ्ठी. काढलेले जुने हार्नेस टाकू नका. प्लायवूडवर खिळे मारून तसेच्या तसे पसरवा, नवे त्याच्यावरच बांधा. लांबी बोटभर चुकली तरी वायर पुन्हा गरम पाइपला टेकते.

थ्रॉटलचा ॲक्चुएटर असेल तर त्याचीही वायर तपासा, ती त्याच काळातली आहे.

मडगांवकर

नमस्कार. गोव्यातून लिहितो आहे. माझीही १२४ आहे, तुमच्याच वर्षाची. इथे खाऱ्या वाऱ्यात आमचा खरा शत्रू गंज. दारांच्या खाली जे प्लास्टिकचे पॅनेल असते ते दिसायला छान, पण त्याच्या आड जॅक लावायची जागा कुजत राहते आणि कळत नाही. राजस, तुमची गाडी पुण्यातली असली तरी आर्मच्या कामाला गाडी वर चढेल तेव्हा ती पॅनेल काढून बघाच. पॅनेलच्या क्लिपा हमखास तुटतात. त्या आधीच डझनभर आणून ठेवा, अगदी किरकोळ किमतीला मिळतात.

माझा प्रश्न हेडलाइटचा आहे. काच धुरकट झाली, आतला आरसा गेला. ऑनलाइन जर्मनीतून जोडी स्वस्त दिसते आहे. घेऊ का?

नेकारकाठी

नका घेऊ! आमच्याकडे गाड्या उजवीकडून चालतात. इथल्या हेडलाइटचा डिपर उजव्या कडेला वर उचललेला असतो. भारतात तो सरळ समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, मलेशिया, सिंगापूर, जपान या डावीकडून चालणाऱ्या देशांतला माल बघा. स्टिअरिंग बॉक्स, डॅशबोर्ड, पेडलचा संच यांनाही हाच नियम. ब्रेक पॅड, बॉल जॉइंट, पाण्याचा पंप, फिल्टर कुठलाही चालतो. राजस, मागवताना विक्रेत्याला चासी नंबर पाठवायचाच. त्यावरून गाडीचे डेटा कार्ड निघते, म्हणजे ती कारखान्यातून काय काय घेऊन बाहेर पडली त्याची यादी. "१९९६ची ई २२०" एवढ्यावर दोन प्रकारचे ब्रेक निघू शकतात.

समीर_शारजा

शारजाच्या औद्योगिक भागात मी बारा वर्षे नोकरीला आहे. इथे जुन्या गाड्यांच्या कटिंग मालाची दुकाने गल्ल्यागल्ल्यांतून आहेत, जपानहून आलेल्या अर्ध्या कापलेल्या गाड्यासुद्धा मिळतात. दर सुट्टीला कुणीतरी विचारतेच, "येताना बॅगेतून आण." म्हणून स्पष्ट लिहितो. भारताच्या आयात धोरणात वापरलेला माल "प्रतिबंधित" वर्गात येतो, परवानगी लागते. कुरियरने मागवलेले जुने कंट्रोल युनिट कस्टममध्ये अडकून बसलेले मी पाहिले आहे. नवा माल मागवा, बिल खरे लावा. एअरबॅग आणि सीटबेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर यांत स्फोटक असते, ते विमानाच्या सामानात चालत नाही, कुणालाही आणायला सांगू नका.

नवे मागवताना ड्यूटी फक्त भागाच्या किमतीवर नसते, वाहतूक आणि विमा धरून होते. आणि कुरियरवाले वजन दोन रीतींनी मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचे. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच धरतात. दाराचे रबर वजनाला हलके, पण खोके मोठे, म्हणून भागापेक्षा भाडे जास्त. बॉल जॉइंट, बुश, सेन्सर, रिले असे छोटे आणि महागडे भाग परदेशातून. सायलेन्सर, रेडिएटर, काच असे मोठे भाग इथेच.

वैदेही_नानापेठ

समीरदादा, फार उपयोगी. देशातल्या मालाचे मी सांगते. २२ सप्टेंबर २०२५पासून सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, आधी पुष्कळ भागांवर २८ होता. कोटेशन जुने असेल तर ते फिरवून घ्या.

वापरलेला माल भारतातच शोधायचा तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. नव्यासाठी मुंबईत ऑपेरा हाउस, दिल्लीत काश्मिरी गेट. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे नशीब असेल तर स्विच, मोनोग्राम, हँडल मिळून जाते.

जुने काय घ्यावे: काच, स्विच, हँडल, आतले लाकूड, सीट, मीटरचे काटे, रिले. जुने काय घेऊ नये: रबर असलेली कोणतीही वस्तू, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे. "न वापरलेला जुना स्टॉक" म्हणून वीस वर्षे खोक्यात पडलेला बुशही नको. रबर खोक्यातही म्हातारे होते.

उद्यमनगरी

रिलेवरनं आठवलं. माझ्या २३० ई सारख्या केई-जेट्रॉनिकच्या (बॉशची जुनी पेट्रोल इंजेक्शन पद्धत) गाड्या ज्यांच्याकडं आहेत त्यांनी ऐका. गाडी कधी चालू होते कधी नाही, एबीएसचा दिवा लागतो. लोक फ्युएल डिस्ट्रिब्युटर बदलायच्या गोष्टी करतात. आधी बॅटरीमागचा ओव्हरव्होल्टेज रिले बघा, डोक्यावर फ्यूज असलेला. त्याच्या आतल्या सर्किटवरची डाख तडकते. माझा मी उघडून पुन्हा डाख देऊन घेतला, तीन वर्षं झाली.

अक्षय_ठाणे

मध्येच विचारतो, माफ करा. एक डब्ल्यू २२० एस क्लास अगदी कमी किमतीत मिळते आहे. या धाग्यावरून धीर आला आहे. घेऊ का?

नेकारकाठी

अक्षय, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बघायला जा. एखाद्या कोपऱ्यात बसलेली दिसली तर हवेच्या सस्पेन्शनमधून गळती आहे. त्यात चार स्ट्रट, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह ब्लॉक. दुरुस्त करून विकलेले स्ट्रट मिळतात, पण चारही धरून हिशोब कर आणि ती रक्कम गाडीच्या किमतीत मिळव. मग ठरव. ती स्वस्त मिळते आहे कारण आधीच्या मालकाने हाच हिशोब केला आहे.

अक्षय_ठाणे

धन्यवाद दादा. सकाळी जाऊन आलो. मागची डावी बाजू पूर्ण खाली बसली होती. सोडली.

राजस_चिंचवड

तीन महिन्यांनी लिहितो आहे, उशीर झाला. सगळे काम तुम्ही सांगितलेल्या क्रमाने केले.

वायरिंग आधी. भोसरीत एक वयस्कर वायरमन मिळाले. त्यांनी पहिल्याच भेटीत प्लायवूड मागितले, तेव्हाच मी निश्चिंत झालो. नऊ दिवस लागले. पिना, वायर, स्लीव्ह आणि त्यांची मजुरी धरून ३१ हजार. आरपीएम आता एका जागी उभा असतो. ट्रॅफिकमध्ये तासभर गरम करून पाहिली, बंद पडली नाही.

मग पुढचे सस्पेन्शन. दोन गॅरेजमध्ये स्प्रिंगचे हत्यार विचारले, दोन्हीकडे "जॅकने करतो" म्हणाले. परत आलो. तिसऱ्या ठिकाणी हत्यार होते, मालकांनी स्वतः काढून दाखवले. आर्म चांगले निघाले, म्हणून बुश आणि बॉल जॉइंट तेवढे बदलले, लेमफर्डरचे. बॉल जॉइंटवर घासलेली खूण होती, वैदेहीताई! डावा जुना जॉइंट हातात धरून हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजत होता. बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळून घेतले, मी शेजारी उभा राहून. भाग, मजुरी आणि अलाइनमेंट मिळून २७ हजार. शॉकअपला हात लावला नाही.

मडगांवकरांनी सांगितले म्हणून पॅनेल काढली. उजवीकडच्या मागच्या जॅकच्या जागी गंज धरला होता, भोक पडायच्या आधी सापडला. घासून, प्रायमर आणि मेण मारून बंद केले.

एकूण ६० हजारांच्या आत. १ लाख ८५ हजारांऐवजी.

गेल्या रविवारी आईला घेऊन लोणावळ्याला जाऊन आलो. घाटात खराब रस्त्यावर ती दोनदा म्हणाली, आवाज येत नाही रे आता. बाबा नेहमी छतावरची खिडकी किंचित उघडी ठेवायचे, तिनेही तशीच ठेवली होती.

मडगांवकर

वाचून फार बरे वाटले. माझी हेडलाइटची जोडी ब्रिटनमधून मागवली, नवी, काचेवर डाव्या रहदारीची खूण बघून. ड्यूटी भरूनही परवडली.

वैदेही_नानापेठ

राजसदादा, जुने हार्नेस प्लायवूडवर अजून आहे का? परवा नगरहून एकजण फोन करत होते, त्यांच्या ई २२०ची वायरिंग एका उंदराने आणि एका मेकॅनिकने मिळून पार सोडवली आहे. त्यांना लांबी आणि कनेक्टरची जागा कळायला मूळ नमुना हवा आहे.

राजस_चिंचवड

आहे, पोटमाळ्यावर, चिठ्ठ्यांसकट. फोटो आज रात्री मोजपट्टी लावून टाकतो. त्यांना प्लायवूडच हवे असेल तर येऊन घेऊन जाऊ देत, काम झाल्यावर पुढच्या कुणाला लागले तर त्यांनी तिकडे द्यावे.